जुळं आहे? मग विचारा : वार एक की दोन?

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून नव्यानंच प्रसूती वॉर्डात लागलो होतो. रात्रपाळीला एक बाई आली. महिना पाचवा, पण पोट नऊ महिन्यांच्या बाईसारखं तट्ट फुगलेलं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती. सासू सांगत होती, "सिस्टर, आठ दिवसाखाली पोट एवढं नव्हतं हो. आठ दिवसात काय झालं कळंना." सोबत सोनोग्राफीचा एक कागद होता, दीड महिन्यापूर्वीचा. त्यावर एवढंच लिहिलेलं : जुळा गर्भ, दोघांचे ठोके चांगले.

पहाटे कळा सुरू झाल्या. दोन्ही बाळं गेली. एक फुगलेलं, लालबुंद. दुसरं त्याच्या निम्मं, पांढुरकं, सुकलेलं.

वॉर्डातली एक बाई म्हणाली, दृष्ट लागली. दुसरी म्हणाली, एकानं दुसऱ्याचं खाल्लं. सासूनं सुनेला विचारलं, "जुळं केळं खाल्लं होतंस का?" ती काहीच बोलली नाही. आणि आम्ही, पांढरा गणवेश घातलेल्या, आम्हालाही काय झालं ते ठाऊक नव्हतं. केसपेपरवर 'गर्भजल जास्त, अकाली प्रसूती' एवढं लिहिलं गेलं आणि कागद फायलीत गेला.

पुढं वाचत गेलो, मोठ्या डॉक्टरांना विचारत गेलो, तेव्हा कळलं की त्या आजाराला नाव आहे, कारण आहे आणि त्या रात्रीही जगात त्यावर उपचार होता. पण उपचारापर्यंत पोचायला तिसऱ्या महिन्यातच एक प्रश्न विचारावा लागतो. त्या बाईसाठी तो कुणीच विचारला नव्हता. तो प्रश्न असा : दोन्ही बाळांना वार एक आहे की वेगवेगळी?

या वेळचं आरोग्याचं पान त्या एका प्रश्नासाठी.

सगळी जुळी सारखी नसतात

जुळी दोन प्रकारची. पहिल्या प्रकारात बाईच्या अंडाशयातून एकाच वेळी दोन बीजं सुटतात आणि दोन्ही फळतात. ही दोन भावंडं एकाच वेळी पोटात वाढतात एवढंच. चेहरा वेगळा, रक्तगटही वेगळा असू शकतो. एक मुलगा, एक मुलगी असंही होतं. या दोघांची वार वेगवेगळी असते. ज्याचं त्याचं घर, ज्याची त्याची चूल.

दुसऱ्या प्रकारात बीज एकच फळतं आणि नंतर त्याचे दोन भाग होतात. ही हुबेहूब दिसणारी जुळी. जगभर दर हजार बाळंतपणांत तीन-चार वेळा असं घडतं. जात, धर्म, देश, गरिबी-श्रीमंती यानं त्यात फरक पडत नाही. केळानंही पडत नाही.

बीज कधी दुभंगलं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पहिल्या तीन दिवसांत दुभंगलं तर दोन्ही बाळांना वेगळी वार मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान दुभंगलं तर वार एक, पण पाण्याच्या पिशव्या दोन. त्याहून उशीर झाला तर वारही एक आणि पिशवीही एक. अशा बाळांच्या नाळा एकमेकींत गुंतायची भीती असते. तेरा दिवस उलटून गेल्यावर बीज पुरतं वेगळं होत नाही, तेव्हा जोडलेली बाळं जन्मतात.

हुबेहूब जुळ्यांत तिघांपैकी दोन जोड्या किंवा त्याहूनही जास्त एकाच वारेवर वाढतात. आमची काळजी या जोड्यांची आहे.

एकाच पाइपलाइनवर दोन घरं

वार म्हणजे काय, हे बाळंतपण पाहिलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. बाळानंतर पडणारा तो मांसल गोळा. आईच्या रक्तातलं अन्न आणि हवा बाळाला पोचवणं हे तिचं काम. नाळ या वारेला जोडलेली असते.

वार एक असली की दोन्ही नाळांच्या रक्तवाहिन्या वारेच्या पृष्ठभागावर एकमेकींना भेटतात. जवळजवळ प्रत्येक सामायिक वारेत असे जोड असतात. एकोणिसाव्या शतकातच जर्मनीच्या डॉ. फ्रीडरिश शाट्झ यांनी वारेतले हे जोड अभ्यासून त्यांचं वर्णन करून ठेवलं होतं. बहुतेक वेळा देवाणघेवाण बरोबरीची असते. इकडून तिकडे जातं तेवढंच तिकडून इकडे येतं, आणि दोन्ही बाळं धड वाढतात.

पण एका वारेच्या दर शंभर जुळ्यांत १० ते १५ वेळा हा हिशेब बिघडतो. आपल्या वस्तीत एकाच पाइपलाइनवर दोन घरं असली की काय होतं? खालच्या अंगाच्या घरात हंडे भरून वाहतात, वरच्या घरात थेंब थेंब. तसंच इथं. एका बाळाचं रक्त सतत दुसऱ्याकडे जातं, परत येत नाही.

देणाऱ्या बाळाला रक्त कमी पडतं. ते लघवी कमी करतं. पोटातलं पाणी बहुतांशी बाळाच्या लघवीचंच असतं, त्यामुळे त्याच्या पिशवीतलं पाणी आटत जातं. शेवटी पडदा त्याच्या अंगाला ओल्या फडक्यासारखा चिकटतो आणि बाळ एका जागी अडकून पडतं. घेणाऱ्या बाळाला रक्त झेपत नाही. ते लघवी करत राहतं, त्याच्या पिशवीत पाणी वाढत राहतं, हृदयावर ताण येतो, अंगाला सूज येते. म्हणजे एक उपाशी आणि दुसरं श्रीमंत असंही नाही. दोघंही संकटात असतात.

डॉक्टर याला 'ट्विन टू ट्विन ट्रान्सफ्यूजन सिंड्रोम' किंवा नुसतं 'टीटीटीएस' म्हणतात. सहाव्या महिन्याच्या आत तो जोरानं सुरू झाला आणि काहीच केलं नाही, तर बहुतेक वेळा दोन्ही बाळं जातात. त्या रात्री आम्ही पाहिलं ते हेच होतं. कुणाची नजर लागली नव्हती, कुणी काही चुकीचं खाल्लं नव्हतं. दोष त्या बाईचा नव्हता, बाळांचाही नव्हता. कारण वारेतल्या शिरांत होतं.

प्रश्न विचारायची वेळ एकदाच येते

वार एक की दोन, हे सोनोग्राफीत सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते ११ ते १४ आठवड्यांत, म्हणजे पाळी चुकल्यावर साधारण दीड-दोन महिन्यांनी. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथं टेकतो, त्या जागेकडे डॉक्टर बघतात. पडदा पातळ असेल आणि इंग्रजी 'टी' अक्षरासारखा सरळ टेकत असेल तर वार एक. टेकताना तिथं जाडसर तिकोन दिसत असेल तर वार दोन. त्या तिकोनाला ग्रीक अक्षरावरून 'लॅम्ब्डा' म्हणतात. पुढं बाळं मोठी होतात, पडदे पातळ होतात, वारा एकमेकींना चिकटून एकच दिसायला लागतात आणि ओळखणं अवघड होतं.

आपल्या बायका पहिली सोनोग्राफी कधी करतात? बहुतेक पाचव्या महिन्यात. "बाळ नीट हाय का" बघायला. तोवर हे उत्तर हातचं गेलेलं असू शकतं. म्हणून दिवस गेल्याचं कळल्यावर लवकर नाव नोंदवा आणि तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी चुकवू नका. सोनोग्राफीत जुळं निघालं तर डॉक्टरांना तिथंच विचारा आणि रिपोर्टवर लिहून घ्या. इंग्रजी अक्षरं 'एम-सी-डी-ए' असतील तर वार एक, पिशव्या दोन. 'डी-सी-डी-ए' असतील तर वारा दोन. 'एम-सी-एम-ए' असेल तर वारही एक, पिशवीही एक. नुसतं 'जुळा गर्भ' लिहिलेला रिपोर्ट अर्धा समजा.

इथं एक गोष्ट बजावून सांगतो. मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. १९९४ साली देशाचा कायदा झाला. लिंग विचारणं गुन्हा आहे. वार विचारणं हा आईचा हक्क आहे. डॉक्टर घाईत असतील, तुटक बोलतील, वस्तीतली बाई बघून "तुला काय कळतंय" असंही कुणी म्हणेल. आमच्या डोळ्यांदेखत असं बोललं गेलं आहे. तरी विचारा.

सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी

वार एक निघाली म्हणून घाबरून जायचं नाही. अशा दहापैकी आठ-नऊ जोड्यांना ही रक्तओढ होतच नाही. पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून बाळंत होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करायची, असा जगभरचा नियम आहे. दोन वारांच्या जुळ्यांना इतक्या वेळा लागत नाही.

प्रत्येक वेळी तीन गोष्टी बघतात. एक, दोन्ही पिशव्यांतल्या पाण्याची खोली. एकीकडे २ सेंटीमीटरपेक्षा कमी आणि दुसरीकडे ८ सेंटीमीटरपेक्षा जास्त झाली की टीटीटीएस सुरू झाला असं धरतात. (विसाव्या आठवड्यानंतर काही ठिकाणी ८ ऐवजी १० सेंटीमीटर धरतात.) दोन, लहान बाळाची लघवीची पिशवी दिसते की नाही. तीन, नाळेतलं रक्त नीट वाहतं का आणि बाळाच्या अंगावर सूज आहे का. यावरून आजाराच्या पाच पायऱ्या ठरवतात. अमेरिकेतल्या डॉ. रुबेन क्विंटेरो यांनी १९९९ साली या पायऱ्या मांडल्या. पहिली म्हणजे नुसता पाण्याचा फरक, पाचवी म्हणजे एक तरी बाळ गेलेलं. पहिल्या पायरीवर कधी कधी वाट बघता येते. दुसरीपासून वाट बघणं धोक्याचं.

पंधरा दिवस का, महिना का नाही? कारण हा आजार दिवसांत बदलतो. त्या सासूचे शब्द आठवा, "आठ दिवसाखाली एवढं नव्हतं." आईला सुरुवातीला काहीच जाणवत नाही. जाणवेपर्यंत बरीच वेळ गेलेली असते.

दुर्बीण आणि लेसर

पूर्वी एकच उपाय होता. आईच्या पोटातून सुई घालून जास्तीचं पाणी काढायचं. त्यानं पोट हलकं होतं, कळा लांबतात, पण वारेतले जोड उघडेच राहतात. पाणी पुन्हा भरतं. नळ चालू ठेवून फरशी पुसत बसावं, तसं.

अमेरिकेतल्या डॉ. ज्युलियन डी लिया यांनी थेट जोडच बंद करायचं ठरवलं. गर्भपिशवीत दुर्बीण घालून त्यांनी लेसरनं वारेवरच्या शिरा बंद केल्या. तीन बायकांवरच्या या उपचाराची हकीकत १९९० साली छापून आली. त्यांना त्यासाठी पोट उघडावं लागत होतं. १९९५ साली लंडनच्या डॉक्टरांनी पोट न उघडता, सुईएवढ्या छिद्रातून हेच करून दाखवलं.

आजही पद्धत तीच आहे. आईच्या पोटाची जागा बधिर करतात किंवा पाठीत इंजेक्शन देतात. आई बहुतेक वेळा जागी असते. जास्त पाणी असलेल्या बाळाच्या पिशवीत दोन-तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाते. वारेवर दोन्ही नाळांच्या शिरा कुठं भेटतात ते पडद्यावर दिसतं. दुर्बिणीतून गेलेली लेसरची बारीक तार एकेक जोड भाजून बंद करते. शेवटी सगळ्या बंद केलेल्या जागा एका रेषेत जोडतात, म्हणजे डोळ्यांतून निसटलेला बारीक जोडही राहत नाही. मग जास्तीचं पाणी काढून घेतात. एक वार होती, तिच्या जणू दोन वारा होतात. साधारण तासाभराचं काम. एक-दोन दिवस दवाखान्यात राहायचं. पुढं दर आठवड्याला सोनोग्राफी.

ही वेळ १६ ते २६ आठवड्यांची, म्हणजे चौथ्या महिन्याच्या मध्यापासून सहाव्याच्या शेवटापर्यंत. त्याआधी बाळं फार लहान असतात. त्यानंतर पाणी काढणं किंवा लवकर बाळंत करणं, हेच पर्याय बरे ठरतात.

किती वाचतात, ते खरं सांगायला हवं

युरोपात लेसर आणि पाणी काढणं या दोन उपायांची तुलना झाली. १४२ बायका त्यात होत्या. निकाल २००४ साली आला. लेसर झालेल्या शंभरपैकी ७६ बायकांचं निदान एक बाळ महिनाभर जगलं. पाणी काढलेल्यांत हाच आकडा ५६. लेसरच्या बाळांच्या मेंदूला इजाही कमी. फरक इतका स्पष्ट होता की तो अभ्यास ठरलेल्या वेळेआधीच थांबवला गेला. आता हात बसलेल्या केंद्रांत दहापैकी आठ-नऊ वेळा निदान एक बाळ वाचतं आणि निम्म्याहून जास्त वेळा दोन्ही.

म्हणजे लेसर हा चमत्कार नाही. दोन्हीही जाऊ शकतात. पाणमोट लवकर फुटू शकते. बाळंतपण साधारण आठव्या महिन्याच्या आसपासच होतं, म्हणून बाळांना काचेच्या पेटीत ठेवावं लागतं. पण काहीच न करण्याच्या तुलनेत हा जमिन-अस्मानाचा फरक आहे. घरात निर्णय घेताना दोन्ही बाजू समोर ठेवाव्यात.

आणखी एक गोष्ट घरच्यांना कळत नाही, ती सांगतो. "एक गेलं तरी दुसरं आहे ना" असं म्हणतात. वार एक असताना एक बाळ पोटात दगावलं, तर त्या क्षणी जिवंत बाळाचं रक्त उघड्या जोडांतून मेलेल्या बाळाकडे धावतं. दुसरं बाळ जाण्याचा धोका शंभरात पंधराच्या आसपास, आणि जगलेल्या चौघांत एकाच्या मेंदूला इजा होऊ शकते. जोड आधीच बंद केलेले असतील तर वाचलेल्याला हे संरक्षण मिळतं.

लेसरनं भागत नाही तेव्हा

एका वारेच्या जुळ्यांना आणखी तीन त्रास होऊ शकतात. त्यांची ओळख तेवढी करून देतो.

वारेची वाटणी विषम झाली तर एक बाळ नीट वाढतं आणि दुसरं खुरटतं. पाण्यात फार फरक नसतो, म्हणून हा टीटीटीएस नव्हे. नाळेतलं रक्त कसं वाहतं ते बघत, दिवस मोजत राहावं लागतं.

दुसऱ्या त्रासात शिरांचे जोड केसासारखे बारीक असतात. रक्त हळूहळू सरकतं. पाणी सारखंच राहतं, पण एक बाळ पांढरंफटक आणि दुसरं घट्ट रक्ताचं होतं. लेसर करताना एखादा बारीक जोड राहून गेला तरी असं होतं. जोड एका रेषेत बंद करायची पद्धत याच्यासाठीच आली. २०१४ साली छापलेल्या युरोपातल्या अभ्यासात या पद्धतीनं हे प्रमाण शंभरात १६ वरून ३ वर आलं. गरज पडली तर बाळाला पोटातच रक्त चढवतात. पोटातल्या बाळाला रक्त देण्याची सुरुवात १९६३ साली न्यूझीलंडमध्ये डॉ. विल्यम लायली यांनी केली. बाळावर पोटातच उपचार करता येतात हे तेव्हा जगाला कळलं.

तिसरा त्रास सगळ्यांत विचित्र. एका बाळाला हृदयच नसतं, बहुधा डोकंही नसतं. धडधाकट बाळाचं हृदय दोघांसाठी रक्त ढकलत राहतं आणि शेवटी थकतं. बिनहृदयाचं ते शरीर जगूच शकत नसतं. तेव्हा बारीक सुई घालून विजेच्या उष्णतेनं किंवा लेसरनं त्याच्याकडे जाणारं रक्त थांबवतात, म्हणजे धडधाकट बाळ वाचतं. असं काही निघालं तर लोक 'राक्षस जन्माला आला' म्हणून आईला वाळीत टाकायलाही कमी करत नाहीत. तो वाढीतला दोष असतो, आईचं पाप नसतं.

उदगीरहून कुठं जायचं?

सोनोग्राफी उदगीरात होते. पण हा लेसर आपल्या भागात होत नाही. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जोखमीचं बाळंतपण आणि लहान बाळांची पेटी यासाठी ती आपली मोठी ठिकाणं. लेसरसाठी मात्र 'फीटल मेडिसिन' म्हणजे गर्भातल्या बाळावर उपचार करणारा विभाग लागतो. तो हैदराबाद, पुणे, मुंबई, चेन्नई, दिल्ली अशा शहरांत आहे. हैदराबादचं फर्नांडिस हॉस्पिटल, मुंबईत परळचं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, चेन्नईचं मेडिस्कॅन, दिल्लीचं एम्स ही या विषयातली जाणती नावं. वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली गिरणी कामगारांच्या बायकांसाठी उघडलं होतं. जाण्याआधी फोन करून तिथं लेसर कधी होतो, कोणते कागद लागतात, हे डॉक्टरांकडून विचारून घ्यावं.

उदगीरकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. बिदरवरून रस्ता आहे, रेल्वेही आहे. पण एक अडचण लक्षात ठेवा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून ही योजना चालते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवून ती मागता येते. राज्याची हद्द ओलांडली की हा कायदा मागं राहतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते आपल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातली तपासणी, औषधं, बाळंतपण आणि एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेणारी गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते.

चार वर्षांपूर्वी आमच्याच वस्तीतली एक सून अशी निघाली. आशाताई बाराव्या आठवड्यातला रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आल्या. 'एम-सी-डी-ए'. आम्ही कॅलेंडरवर पंधरा-पंधरा दिवसांनी गोल करून दिले. सोळाव्या आठवड्यात ठीक, अठराव्यात ठीक. विसाव्यात एका बाळाचं पाणी ९ सेंटीमीटर, दुसऱ्याचं १, आणि लहान बाळाची लघवीची पिशवी दिसेना. डॉक्टर भले होते, त्यांनी तिथंच हैदराबादला फोन लावला.

रात्री घरात बैठक बसली. सासरा म्हणाला, "पोटात दुर्बीण घालायची म्हनं. हात लावला अन् दोन्ही गेले तर?" आम्ही म्हणालो, "हात नाही लावला तर बहुतेक दोन्ही जाणारच आहेत, बाबा." तो गप्प बसला. नवरा सेंट्रिंगच्या कामावर. पैशाचा प्रश्न होता. सगळं मिळून लाखाच्या वर गेलं. थोडं बचत गटातून, थोडं विहारात जमलं, थोडं कर्ज. ते कर्ज फेडायला दोन वर्षं लागली.

लेसर झाला. तिनं पडद्यावर बाळाचा हात पाहिला, पाच बोटं मोजली. दुसऱ्या दिवशी लहान बाळाचे ठोके थांबले. मोठं राहिलं. चौतिसाव्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात सिझर झालं. मुलगी, एक किलो नऊशे ग्रॅम. पेटीत, मग आईच्या छातीशी. आता अंगणवाडीत जाते. आई कुणी विचारलं की सांगते, "मला दोन झाले होते." आम्ही तिला कधी दुरुस्त करत नाही.

त्या पाच महिन्यांत तिच्या आठ सोनोग्राफी झाल्या. म्हणजे आठ दिवसांची मजुरी बुडाली, नवऱ्याची वेगळी. गरीब बाईची तपासणी बहुधा इथंच चुकते, अडाणीपणामुळं नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारनं उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. सेंट्रिंगवाल्याच्या बायकोला अजून ती विश्रांती कुणी दिलेली नाही. ते मागण्याचं काम आपलं. तोवर शेजारणींनी मिळून तिची लेकरं सांभाळावीत, सोबतीला कुणी जावं, एवढं तरी वस्ती करू शकते.

घरात चिकटवून ठेवा

– दिवस गेल्यावर तिसऱ्या महिन्यात, ११ ते १४ आठवड्यांत सोनोग्राफी करा. जुळं असेल तर वार एक की दोन, हे रिपोर्टवर लिहून घ्या.

– वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. सगळे रिपोर्ट एका पिशवीत तारखेनं लावून ठेवा.

– चार-आठ दिवसांत पोट एकदम वाढलं, तट्ट झालं, आडवं झाल्यावर दम लागला, वेळेआधी कळा आल्या, पाणी गेलं किंवा बाळांची हालचाल कमी वाटली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाडीसाठी १०८.

– पाण्यात फरक निघाला तर डॉक्टरांना 'फीटल मेडिसिन'ला पाठवणार का, असं सरळ विचारा. मांत्रिक, अंगारा, उतारा यात एक दिवसही घालवू नका.

– सगळं ठीक असलं तरी एका वारेच्या जुळ्यांना पूर्ण दिवस भरू देत नाहीत. दोन पिशव्या असतील तर ३६ ते ३७ आठवड्यांत, एक पिशवी असेल तर ३२ ते ३४ आठवड्यांत सिझर करून बाळंत करतात. बाळंतपण पेटीची सोय असलेल्या दवाखान्यातच करा. लवकर बाळंत होणार असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन देतात, ते दिलं का विचारा.

– बाळ गेलं तर आईला दोष देऊ नका. तिला जेवू घाला, झोपू द्या, रडू द्या.

वीस वर्षांपूर्वीची ती बाई आता कुठं आहे, आम्हाला माहीत नाही. सासूनं केळाचं विचारलं तेव्हा ती खाली बघत होती. त्या वेळी "तुझी काही चूक नाही, बाई" एवढं सांगण्याइतकंही ज्ञान आमच्याकडे नव्हतं. तुमच्या गल्लीत आज कुणाला जुळं असेल, तर हे पान तिच्या घरी नेऊन वाचून दाखवा. आणि तिचा रिपोर्ट एकदा उलगडून बघा.